शुश्रूषा-निदानाची घडण
डॉक्टरांच्या रोगनिदानाहून वेगळे असे निदान परिचारिकेनेही करावे, हा विचार अमेरिकेत १९५०च्या दशकातच मांडला गेला असला, तरी त्याला शिस्तबद्ध रूप मिळू लागले ते १९७३ मध्ये सेंट लुइस येथे क्रिस्टीन गेबी आणि मेरी ॲन लॅव्हिन यांनी भरवलेल्या परिषदेपासून, आणि त्याच प्रयत्नातून १९८२ मध्ये 'नांडा' ही संघटना उभी राहिली. मार्जोरी गॉर्डन यांनी रुजवलेल्या मांडणीनुसार निदान-विधानात समस्या, तिच्याशी निगडित कारण आणि तिची साक्ष देणारी लक्षणे असे तीन भाग येतात. उदाहरणार्थ, न्यूमोनिया हे रोगाचे नाव झाले. शुश्रूषा-आराखड्यात, म्हणजे रुग्णाच्या काळजीच्या लेखी नियोजनात, मात्र 'घट्ट कफ व क्षीण खोकल्यामुळे श्वासमार्ग मोकळा न राहणे. छातीत घरघर, कफ न सुटणे' असे लिहिले जाते. या विधानाचे खरे मोल त्यातल्या कारणाच्या भागात आहे, कारण पुरेसे पाणी देणे, कूस बदलवणे, जोर लावून खोकायला शिकवणे हे परिचारिकेच्या अधिकारातले उपाय त्या कारणावरच बेतलेले असतात. संभाव्य धोक्याच्या निदानात लक्षणे अजून प्रकटलेलीच नसल्याने विधान दोनच भागांचे होते आणि कारणाच्या जागी धोक्याचे घटक येतात. म्हणूनच अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची त्वचा शाबूत असतानाच दाबव्रणाचा धोका नोंदवता येतो.