टोपीतला हात आणि कच्चा लिंबू

गेल्या आठवड्यात रात्री साडेनऊला पुण्याहून भाच्याचा फोन. एवढ्या उशिरा फोन वाजला की आमच्या वयाच्या माणसांच्या छातीत धस्स होतं. पण स्वारी खुशीत होती. "मावशी, तू इतिहासाची बाई ना? मग सांग, हँडिकॅप हा शब्द कुठून आला?"

प्रश्नाचं कारण असं की, त्याच्या ऑफिसातले चौघे मिळून हौशी खेळाडूंच्या एका सांघिक गोल्फ स्पर्धेत उतरणार आहेत. प्रवेशअर्जावर प्रत्येकाचा हँडिकॅप भरायचा असतो. हा आमचा भाचा चाळिशी उलटल्यावर गोल्फ शिकला. पोटाचा घेर कमी व्हावा म्हणून, असं त्याची बायको म्हणते. (घेर आहे तिथेच आहे.)

मग हळूच म्हणाला, "मावशी, एक गंमत सांगू? गेल्या महिन्यात मी तीनदा फार छान खेळलो. पण आमच्यातला एक जण म्हणतोय, ती तीन कार्डं भरू नकोस. भरलीस तर तुझा हँडिकॅप कमी होईल आणि संघाला सवलत कमी मिळेल."

मी म्हटलं, "उद्या सांगते." निवृत्त शिक्षकाला कुणी प्रश्न विचारला की त्याचं तासाभराचं व्याख्यान होतं. त्याच्यावर यायचं ते तुमच्यावर आलं आहे, सांभाळून घ्या!

आधी ज्यांना गोल्फ म्हणजे टीव्हीवर दिसणारं हिरवं गवत एवढंच ठाऊक आहे त्यांच्यासाठी (महिन्यापूर्वी मीही त्यांच्यातलीच होते). अठरा खळगे, म्हणजे होल. प्रत्येकात चेंडू घालायचा. ज्याचे फटके सर्वांत कमी, तो जिंकला. आता एक जण बहात्तर फटक्यांत खेळ संपवतो आणि दुसऱ्याला छप्पन्न सत्तावन्न सालच्या एस.टी.सारखे जागोजागी थांबत शंभर लागतात, तर दोघांनी एकत्र खेळायचं कसं? त्यावर उपाय असा की, कच्च्या खेळाडूला ठरावीक फटक्यांची सूट द्यायची आणि एकूण फटक्यांतून ती वजा करायची. ही सूट म्हणजे हँडिकॅप.

आपल्याकडे लहानपणी हे होतंच की! लपंडावात किंवा डबा ऐसपैसमध्ये धाकटं भावंडं मागे लागलं की त्याला 'कच्चा लिंबू' करून घ्यायचं. त्याच्यावर राज्य येत नाही, पण खेळात तो असतो. फरक एवढाच की, आपण लिंबू किती कच्चा हे कधी मोजलं नाही. इंग्रजांनी ते मोजायला घेतलं आणि त्यात त्यांची तीनशेहून अधिक वर्षं गेली.

शब्दाची जन्मकथा गोल्फची नाहीच, ती गुत्त्यातली आहे. 'हँड इन कॅप', म्हणजे टोपीत हात. दोघांना वस्तूंची अदलाबदल करायची असे. समजा, एकाकडे घड्याळ आणि दुसऱ्याकडे कोट. वस्तू सारख्या मोलाच्या नसल्या तर 'वर किती देणार?' हा प्रश्न आलाच. तो आकडा तिसरा माणूस, म्हणजे पंच, ठरवी. तिघेही टोपीत थोडे पैसे टाकत. पंचाने आकडा सांगितला की दोघे टोपीत हात घालून एकदम बाहेर काढत. हात कसा काढला त्यावरून होकार की नकार ते कळे. दोघांचं उत्तर सारखं आलं तर टोपीतले पैसे पंचाला. वेगळं आलं तर होकार देणाऱ्याला. पंचाने कुणाची बाजू घेतली की एक हो म्हणणार, दुसरा नाही म्हणणार आणि पंचाच्या हाती काहीच लागणार नाही. म्हणजे पंचाचा स्वार्थच निःपक्षपातीपणात बांधून टाकला होता. सॅम्युअल पेपीस या लंडनच्या प्रसिद्ध रोजनिशीकाराने १६६० च्या सप्टेंबरात हा खेळ पाहिल्याची नोंद केली आहे. त्याला तो नवा होता आणि आवडला होता.

तिथून हा शब्द अठराव्या शतकात घोड्यांच्या शर्यतीत गेला. तिथे पंच घोड्यांचं मोल ठरवी आणि चांगल्या घोड्याच्या पाठीवर जास्त वजन देई. १८५५ मध्ये ॲडमिरल राऊस नावाच्या गृहस्थांची सार्वजनिक हँडिकॅपर म्हणून नेमणूक झाली. कुठल्या घोड्यावर किती ओझं हे ते ठरवत. सगळे घोडे एकदमच रेषेवर पोहोचले तर ते उत्तम हँडिकॅपचं लक्षण. नीट पाहा हं, ओझं बलवानावर होतं. पुढे विसाव्या शतकात हाच शब्द शरीराने अधू असलेल्या माणसांना चिकटला आणि आता तो अपमानकारक वाटतो म्हणून टाळतात. शब्दांचंही नशीब असतं.

गोल्फमध्ये हा शब्द फार उशिरा आला, कल्पना मात्र जुनी. १६८७ मध्ये एडिंबरामधल्या थॉमस किंकेड या विद्यार्थ्याने रोजनिशीत विचार केला आहे की, कच्च्या खेळाडूला सूट द्यायची तर खेळ समान करावा, की खेळ तसाच ठेवून पैज कमीजास्त करावी? अभ्यास सोडून रात्री हा मुलगा असला विचार करत बसला होता! माझ्या वर्गात असता तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं आणि वही मात्र जपून ठेवली असती.

पुढची दोनशे वर्षं हा मामला तोंडी होता. खेळायला निघताना दोघांनी आपसांत घासाघीस करायची. १८५७ मध्ये (आपल्याला हे साल वेगळ्याच कारणाने पाठ आहे) फार्नी नावाच्या लेखकाने गोल्फवर एक पुस्तिका लिहिली. तिच्यात या सवलतींची नावं आहेत. दर तीन होलला एक फटका, दर दोन होलला एक, दर होलला एक, वगैरे. म्हणजे भाजीबाजारातलाच व्यवहार. पण दोघे एकाच गावचे, एकमेकांचा खेळ ओळखणारे, त्यामुळे फसवाफसवीला जागा कमी.

अडचण आली ती रेल्वेने परगावी खेळायला जाऊ लागल्यावर. अनोळखी माणसाला सूट किती द्यायची? त्याच्या गावचा आकडा धरावा, तर तिथलं मैदान सोपं की अवघड कुणास ठाऊक! निदान मोजायला एक पट्टी तरी हवी. कॉव्हेंट्रीच्या ह्यू रॉदरहॅम यांनी १८९० च्या सुमारास सुचवलं की, चांगल्या खेळाडूला प्रत्येक होलला किती फटके लागावेत ते ठरवून टाका आणि त्या आकड्याशीच खेळा. हा न दिसणारा, कधी न चुकणारा प्रतिस्पर्धी ग्रेट यार्मथच्या एका खेळाडूला इतका छळू लागला की तो त्याला 'बोगी मॅन' म्हणाला. म्हणजे आपला बागुलबुवा! त्या वेळी तिकडे बागुलबुवाचं एक गाणंही गाजत होतं. गोल्फमधला 'बोगी' हा शब्द तिथला.

पण पट्टी सगळीकडे सारखी कुणी केली? बायकांनी! हे वाचून मला झालेला आनंद लपवत नाही. १८९३ मध्ये इंग्लंडात लेडीज गोल्फ युनियन स्थापन झाली. तिच्या पहिल्या मानद चिटणीस इझेट पिअर्सन. बाई स्वतः उत्तम खेळाडू. त्याच वर्षीच्या पहिल्या राष्ट्रीय महिला स्पर्धेत त्या उपविजेत्या होत्या. पुरुषांचे क्लब आपापल्या मैदानाचा आकडा आपापल्या सोयीने ठरवत होते. या संघटनेने सांगितलं की, मैदान किती अवघड हे क्लब ठरवणार नाही, संघटना ठरवील. झालं, मोजमाप एकसारखं झालं. त्या काळी या बायकांना पार्लमेंटसाठी मताचा अधिकारही नव्हता. तो काही जणींना १९१८ मध्ये आणि पुरुषांच्या बरोबरीने १९२८ मध्ये मिळाला. अमेरिकेच्या गोल्फ संघटनेची पद्धत आली १९११ मध्ये. ब्रिटनच्या पुरुषांनी १९२४ मध्ये समिती नेमली आणि त्यांची एकसमान पद्धत १९२६ मध्ये सुरू झाली. म्हणजे बायकांच्या तीस एक वर्षं मागून. असो.

पुढे १९८० च्या दशकात अमेरिकेत आणखी एक बारकावा लक्षात आला. अवघड मैदान पक्क्या खेळाडूला थोडं छळतं, कच्च्याला फार छळतं. मग त्याचाही आकडा काढला. मध्यम मैदानाचा ११३. समजा, तुमचा आकडा २० आहे आणि मैदान १३० चं आहे, तर वीसला १३० ने गुणून ११३ ने भागायचं. तेवीस आले. त्या मैदानावर तुम्हाला साधारण तेवीस फटक्यांची सूट. अखेर जानेवारी २०२० मध्ये जगातल्या सहा वेगवेगळ्या पद्धती एकत्र करून एकच जागतिक पद्धत आली. शेवटच्या वीस कार्डांतली उत्तम आठ धरून सरासरी, आणि आकडा जास्तीत जास्त ५४. वीसही नाही, सर्वांत वाईट तर नाहीच, उत्तम आठ. माणसाची लायकी त्याच्या बऱ्या दिवसांवरून ठरवावी, हे मला फार आवडलं. परीक्षांना हा नियम असता तर?

आता भाच्याचा प्रश्न. त्यांची स्पर्धा 'स्क्रॅम्बल' पद्धतीची. चौघांनी फटका मारायचा, ज्याचा चेंडू उत्तम पडेल तिथून पुन्हा चौघांनी मारायचा. संघाच्या हँडिकॅपसाठी सुचवलेलं सूत्र असं की, सर्वांत पक्क्याच्या आकड्याचे २५ टक्के, पुढच्याचे २०, मग १५, आणि सर्वांत कच्च्याचे १०. यांचे त्या मैदानावरचे आकडे ८, १४, २० आणि भाच्याचा २४. मी कॅलेंडरच्या पाठीमागे मांडलं. दोन, अधिक २.८, अधिक ३, अधिक २.४. झाले १०.२, म्हणजे दहा. ती तीन कार्डं भरली तर त्याच्या अंदाजाने २४ चे २२ होतील. बेरीज बरोबर दहा. म्हणजे दहाच! लपवाछपवीची सगळी कमाई शून्य.

पण पेन्सिल खाली ठेवली आणि वाटलं, हे उत्तर नव्हे. उद्या फरक एका फटक्याचा पडला असता तर मी काय सांगितलं असतं?

या खेळात लबाडीने हँडिकॅप वाढवून ठेवणाऱ्याला 'सँडबॅगर' म्हणतात. इतकी गणितं केली तरी त्याच्यावर पुरता उपाय सापडलेला नाही. कारण गणितात घालायचा आकडा शेवटी खेळणाऱ्यानेच द्यायचा असतो. १९२५ च्या अमेरिकन ओपन स्पर्धेत बॉबी जोन्स या हौशी खेळाडूचा चेंडू फटका मारण्याआधी किंचित हलला. दुसऱ्या कुणीही पाहिलं नव्हतं. त्याने स्वतःच सांगितलं आणि स्वतःवर एका फटक्याचा दंड लावून घेतला. चार फेऱ्यांनंतर बरोबरी झाली आणि जादा फेरीत तो हरला. तो एक फटका नसता तर जादा फेरीच खेळावी लागली नसती.

इथे मला माझी एक गोष्ट सांगावी लागेल. आजवर घरातही सांगितलेली नाही.

१९८६ ची गोष्ट. शाळेच्या क्रीडादिनाला मी हौसेने एक 'समान संधी' शर्यत ठेवली. आधी चाचणी घ्यायची, वेळ वहीत लिहायची आणि जो हळू पळतो त्याला पुढून सोडायचं. गोल्फचं नावही माहीत नव्हतं, पण केलं होतं तेच. आठवीतला एक मुलगा चाचणीत अगदी रेंगाळत पळाला. शर्यतीच्या दिवशी वाऱ्यासारखा सुटला आणि पहिला आला. मला तेव्हाच कळलं. पण घरची फार गरिबी, बक्षीस कंपासपेटीचं, त्याला तिची गरज होती. मी गप्प राहिले. दुसरा आलेला मुलगा शाळा सुटल्यावर माझ्याकडे आला. म्हणाला, "बाई, तो चाचणीत खरंच तेवढंच पळाला होता का?"

मी म्हटलं, "हो. माझ्या वहीत तसंच लिहिलंय."

वहीत तसंच लिहिलं होतं, हे खरंच. मुलगा "बरं, बाई" म्हणून गेला. पुन्हा त्याने माझ्या कुठल्याच शर्यतीत भाग घेतला नाही. कंपासपेटी मी माझ्या पैशांनी दुसरी आणून त्या गरीब मुलाला देऊ शकले असते. हे सुचायला मला घरी पोहोचेपर्यंतचा वेळ लागला आणि दुसऱ्या दिवशी धीर झाला नाही.

दुसऱ्या दिवशी भाच्याला फोन करून टोपीपासून सगळं सांगितलं. बिचाऱ्याने ऐकून घेतलं. शर्यतीचंही सांगितलं. तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मावशी, बेरीज तर दहाच येतेय ना? मग भरून टाकतो."

मी म्हटलं, "अरे, अकरा आली असती तरी भर."

"बघू," म्हणाला. पण रात्री मेसेज आला. तिन्ही कार्डं भरली, आकडा २२ च्याही खाली, २१.६ झाला. मी पुन्हा बेरीज केली. ९.९६. दहाच! स्पर्धा पुढच्या महिन्यात आहे. जिंकतील असं त्यालाही वाटत नाही.

आमच्याकडे 'कच्चा लिंबू' म्हणत. तुमच्या गावी काय म्हणायचे? जरूर कळवा.