चित्रपटाचे पाठभेद



इतिहासाच्या अभ्यासकाने चित्रपटावर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु साधनांची चिकित्सा हा इतिहासाचा प्राण आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे कार्य आरंभिले आणि ते १९६६ मध्ये सिद्धीस गेले. हस्तलिखिते परस्परांशी ताडून पाहिल्यावाचून मूळ पाठाविषयी निर्णय देऊ नये, हा त्या कार्याचा धडा आहे. चित्रपटालाही तोच न्याय लागू पडतो, असे माझे प्रतिपादन आहे.

उदाहरणादाखल डॅनिश दिग्दर्शक कार्ल ड्रायर यांचा ‘द पॅशन ऑफ जोन ऑफ आर्क’ हा मूकपट घेऊ. १४३१ मध्ये रूआँ येथे जोनवर जो खटला चालला, त्याच्या नोंदींचा आधार घेऊन ड्रायर यांनी हा चित्रपट फ्रान्समध्ये निर्माण केला. एप्रिल १९२८ मध्ये कोपनहेगन येथे तो प्रथम दाखविण्यात आला. पॅरिसमध्ये मात्र धर्मपीठाच्या व सेन्सॉरच्या आग्रहामुळे त्यावर कात्री चालली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात बर्लिन येथे लागलेल्या आगीत मूळ निगेटिव्ह भस्मसात झाले. ड्रायर यांनी खचून न जाता, चित्रीकरणाच्या वेळी बाजूला ठेवलेल्या पर्यायी दृश्यांतून दुसरी आवृत्ती जुळविली. पुढे १९२९ मध्ये तीही आगीच्या भक्ष्यस्थानी पडल्याचे समजले गेले.

१९५० नंतर लो द्युका यांना या दुसऱ्या आवृत्तीच्या निगेटिव्हची एक प्रत गोमाँ कंपनीच्या भांडारात सापडली. तिला जुने बरोक संगीत जोडून व अनेक मजकूरपट्ट्यांच्या जागी उपशीर्षके घालून त्यांनी ती १९५२ मध्ये प्रसृत केली. ड्रायर यांना हे रूप मान्य नव्हते. तरीही कित्येक वर्षे प्रेक्षकांच्या दृष्टीने तोच मूळ चित्रपट ठरला. ड्रायर १९६८ मध्ये निवर्तले. त्यानंतर तेरा वर्षांनी, १९८१ मध्ये, नॉर्वेतील ऑस्लोनजीकच्या एका मनोरुग्णालयात काही डबे आढळले. त्यांत पहिल्या आवृत्तीची, डॅनिश मजकूरपट्ट्यांची प्रत होती! आपली कृती वाचली आहे, हे कर्त्याला अखेरपर्यंत कळले नाही.

मोठ्या चित्रपट-संग्रहालयांपासून दूर, इंदुरात राहणाऱ्या माझ्यासारख्याला हा इतिहास केवळ वाचून समजला नसता. १९९९ मध्ये अमेरिकेच्या क्रायटेरियन कंपनीने ऑस्लोच्या प्रतीवरून डीव्हीडी काढली. २०१२ मध्ये इंग्लंडच्या युरेका कंपनीने ब्लू-रे संच प्रसिद्ध केला. त्यात ऑस्लोची प्रत सेकंदाला २० व २४ चौकटी अशा दोन गतींनी दिली असून, लो द्युका यांची आवृत्तीही सोबत जोडली आहे. एका गतीने चित्रपट सुमारे ९७ मिनिटे चालतो, दुसऱ्या गतीने सुमारे ८२. संथ गतीत फाल्कोनेत्ती या अभिनेत्रीच्या डोळ्यांतील अश्रू अधिक काळ रेंगाळतो. जलद गतीत न्यायाधीशांचा मारा अधिक निष्ठुर भासतो. कोणती गती अस्सल, याविषयी जाणकारांत एकमत नाही. दोन्ही आवृत्त्या समोरासमोर लावल्या की तेच दृश्य, तीच मुद्रा; पण मान किंचित निराळी वळलेली, दृष्टी किंचित अन्यत्र लागलेली दिसते. या दोन निरनिराळ्या वेळच्या चित्रीकरणांच्या खुणा होत.

म्हणून संग्राहकाने जुनी प्रत नव्या प्रतीच्या मोहाने टाकून देऊ नये. लो द्युका यांची आवृत्ती सदोष असेल. परंतु एका पिढीने हा चित्रपट कोणत्या रूपात पाहिला, याचा ती पुरावा आहे. शिवाय ड्रायर यांनी दुसऱ्यांदा निवडलेली दृश्ये तिच्यातच टिकून राहिली. तबकडीच्या वेष्टनावर केवळ चित्रपटाचे नाव वाचून थांबू नये. प्रत कोणत्या साधनावरून केली, लांबी किती, गती कोणती, संगीत कोणी व केव्हा जोडले, हे प्रश्न विचारावेत आणि उत्तरे टिपून ठेवावीत.

वर्गात बखर शिकविताना ‘ही कोणाची प्रत?’ असे विचारणारे गुरुजन या शाळेने आम्हांस दिले. त्यांच्या स्मृतीस वंदन करून, तोच प्रश्न आपल्या स्वाधीन करतो आणि माझे विवेचन पुरे करतो.