तसबिरीमागची तारामती



सिनेमा आणि सिनेमातली माणसं या विषयावर बोला, असं मला सांगण्यात आलं, तेव्हा मी आधी आमच्या अक्काला विचारून घेतलं. माझ्या सिनेमाच्या आठवणी सांगायच्या म्हणजे त्यात माझी थोरली बहीण येणारच. ती म्हणाली, ‘‘सांग की. आता कोण काय म्हणतंय?’’ तेव्हा हे भाषण तिच्या परवानगीनं आहे. तिची गोष्ट शेवटी सांगतो. आधी सिनेमा.

मी लोहाऱ्याचा. गाव आज धाराशिव जिल्ह्यातलं तालुक्याचं ठिकाण आहे. माझ्या लहानपणी जिल्हा उस्मानाबाद होता आणि तालुका उमरगा. चांगल्या टॉकीजमध्ये सिनेमा पाहायचा तर सोलापूर गाठावं लागे. ते आम्हा पोरांच्या आवाक्याबाहेरचं. म्हणून सिनेमाच आमच्याकडं यायचा. सुगी संपली, लोकांच्या हातात चार पैसे आले, की एक दिवस ट्रक यायचा. त्यात तंबू, बांबू, पडदा, मशीन, जनरेटर आणि फिल्मच्या पत्र्याच्या पेट्या. मग गाडीवर भोंगा बांधून गावभर पुकारा व्हायचा, आणि त्या दिवशी शाळेत कुणाचंच पाढ्यांत लक्ष नसायचं.

तंबूत पुरुषांची बाजू वेगळी, बायकांची वेगळी, मधे कनात. खुर्ची हा प्रकार नव्हता. घरून पोतं न्यायचं आणि अंथरायचं. गर्दी झाली की आम्हा पोरांना पडद्याच्या मागं बसवत. तिकडून चित्र उलटं दिसतं. अमिताभ बच्चन हा खरा डावखुरा माणूस. पण आमच्या बाजूनं तो सरळ उजव्या हातानं मारामारी करायचा. पुढं सोलापूरला पहिल्यांदा समोरून त्याचा सिनेमा पाहिला, तेव्हा हा कुणीतरी तोतया आहे अशी माझी खात्रीच झाली होती.

तंबूत मशीन एकच. एक रीळ संपलं की काळोख, आणि दुसरं चढेपर्यंत शिट्ट्या. शहरात एक मध्यंतर असतं, आम्हाला पाच-सहा मिळायची. त्यामुळं शेंगा-फुटाणेवाल्यांचा धंदा मात्र तेजीत असे.

1975 साली ‘शोले’ आला, त्याच वर्षी ‘जय संतोषी माँ’ही आला. आमच्या तंबूत तो यायला दीडेक वर्ष लागलं. गब्बरसिंगला आमच्या आजीनं कधी विचारलं नाही, पण देवीचा सिनेमा म्हटल्यावर ती स्वतः निघाली. तंबूच्या दारात तिनं चपला काढल्या. नुसती तीच नव्हे, दारात चपलांचा ढीग पडला होता. देवी पडद्यावर आली की बायका हात जोडत आणि पडद्याच्या दिशेनं पाच-दहा पैशांची नाणी फेकत. पडद्यामागं बसलेल्या आम्हा भक्तांना त्या नाण्यांचा फार मोह होता, पण तंबूवाल्याचा माणूस आमच्याहून चपळ. रीळ बदलायला काळोख झाला तरी आजीचे जोडलेले हात तसेच. उजेड पडल्यावर तिनं पदराच्या गाठीतला गूळ-हरभऱ्याचा प्रसाद शेजारणींना वाटला. त्या दिवशी मी चिंच खाल्ली होती, हे अक्कानं घरी येऊन सांगितलं आणि मी मार खाल्ला. संतोषी मातेला आंबट चालत नाही.

आता यावर शहरातली मंडळी हसतात. खेड्यातले अडाणी लोक, त्यांना पडदा आणि देव्हारा यातला फरक कळत नाही, असं म्हणतात. पण हे सगळीकडंच झालेलं आहे. मुंबईपुण्याच्या थिएटरांतही त्या सिनेमाला नारळ फुटले आणि आरत्या झाल्या. देवी झालेल्या अनिता गुहा यांच्या लोक पाया पडत. आणि ही आपली रीत सिनेमाइतकीच जुनी आहे.

दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ 3 मे 1913 रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लागला. त्यात तारामती कोण होती? अण्णा साळुंके. हॉटेलात काम करणारा एक नाजूक बांध्याचा तरुण. फाळक्यांनी बाई शोधून पाहिली. पण घरंदाज बाई येईना, आणि ज्यांना समाज घरंदाज मानत नव्हता त्याही तयार होईनात. शेवटी साळुंक्यांना मिशी काढायला लावली. चार वर्षांनी, 1917 च्या ‘लंकादहन’मध्ये तर साळुंकेच राम आणि साळुंकेच सीता. म्हणजे स्वतःच स्वतःचा विरह सोसायचा! लोकांना त्यात काही खटकलं नाही. गल्ल्यावरची नाणी बैलगाडीतून न्यावी लागत, असं सांगतात. राम पडद्यावर आला की प्रेक्षक हात जोडत. त्याच देहाची सीता झाली की पुन्हा हात जोडत.

विचार करण्याजोगी गोष्ट आहे. सीतेची भक्ती करायला सगळे तयार होते. सीतेचं काम करायला आपल्या घरातली बाई मात्र नको होती.

बायका आल्या त्या धाडसानंच आल्या. 1913 मध्येच फाळक्यांच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची कोवळ्या वयाची लेक कमलाबाई मोहिनी झाली. दुर्गाबाई नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या, लेकीला घेऊन नाटक कंपनीच्या आधारानं जगणाऱ्या बाई. याच कमलाबाई पुढं कमलाबाई गोखले झाल्या. नट चंद्रकांत गोखले हे त्यांचे चिरंजीव आणि विक्रम गोखले नातू. आज आपण त्या घराण्याचं नाव आदरानं घेतो. पण सुरुवात करणाऱ्या त्या बाईला त्या काळी लोकांनी काय काय ऐकवलं असेल, याचा अंदाज कुणालाही करता येईल.

मग 1932 मध्ये ‘प्रभात’चा ‘अयोध्येचा राजा’ आला, मराठीतला पहिला बोलपट. तारामती तीच, पण या वेळी ती खरोखरीची बाई होती. दुर्गा खोटे, मुंबईच्या सुखवस्तू घरात वाढलेल्या आणि शिकलेल्या. त्याआधी एका चित्रपटात छोटं काम केलं म्हणून त्यांच्यावर टीकेची झोड उठली होती. तारामती झाल्यावर मात्र तीच मंडळी कौतुक करू लागली. साळुंक्यांच्या तारामतीपासून दुर्गाबाईंच्या तारामतीपर्यंत यायला आपल्याला 19 वर्षं लागली. हा आकडा लक्षात ठेवा, मला पुढं लागणार आहे.

पुरुषांची गोष्ट वेगळी. ‘प्रभात’चाच 1936 चा ‘संत तुकाराम’ घ्या. दामले-फत्तेलाल यांचा हा चित्रपट मुंबईत वर्षाहून अधिक काळ चालला, आणि 1937 मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. तुकाराम झाले होते विष्णुपंत पागनीस. हे गृहस्थ एकेकाळी रंगभूमीवर स्त्रीभूमिका करत. चित्रपट आल्यावर लोक त्यांच्या पाया पडू लागले. शांताराम आठवले यांनी या चित्रपटासाठी एक अभंग रचला, तर जाणकार मंडळीसुद्धा तो तुकोबांचाच समजून गाथेत शोधू लागली. आणि बाजारात तुकोबांच्या तसबिरी विकायला आल्या, त्यांतल्या कितीतरी पागनीसांच्या चेहऱ्याच्या होत्या.

आमच्या घरात अशीच एक तसबीर होती. आजोबांनी पंढरपूरहून आणलेली. चिपळ्या, वीणा, वर पाहणारे डोळे. आजोबा वारकरी, रोज तिला बुक्का लावायचे. त्यांच्यामागं आईनं ते चालवलं. कितीतरी वर्षांनी दूरदर्शनवर ‘संत तुकाराम’ लागला, तेव्हा मी एकदा टीव्हीकडं आणि एकदा भिंतीकडं पाहिलं. आईला म्हटलं, ‘‘आई, हे तुकोबा नाहीत. हे पागनीस.’’ आई म्हणाली, ‘‘असू दे. तुकोबाला त्यांनी ओळखलं होतं ना?’’ माझी सगळी विद्वत्ता तिथंच संपली.

नटाला देव करणारे आपण, नटाला राक्षसही करतो. निळू फुले हे राष्ट्र सेवा दलात घडलेले, अंधश्रद्धेविरुद्ध उभे राहणारे सरळ मनाचे गृहस्थ. पण पडद्यावर त्यांनी पाटील, सरपंच आणि साखरसम्राट असे काही रंगवले, की गावोगावच्या बायका त्यांना खराच नीच माणूस समजत. आमची आत्या तंबूत त्यांना ‘मुडदा बशिवला’ म्हणून मोठ्यानं शिव्या द्यायची. आत्याच्या शिव्या हीच त्यांना मिळालेली खरी दाद, असं मला आज वाटतं.

25 जानेवारी 1987 पासून दूरदर्शनवर ‘रामायण’ सुरू झालं. टीव्हीलाच हार आणि उदबत्ती. या वेळी भक्ती थेट मतपेटीपर्यंत पोचली. 1991 च्या निवडणुकीत सीता झालेल्या दीपिका चिखलिया बडोद्यातून लोकसभेवर गेल्या आणि रावण झालेले अरविंद त्रिवेदी साबरकांठ्यातून. दोघे एकाच पक्षाचे! म्हणजे अशोकवनाचा तंटा अखेर सत्ताधारी-विरोधकांच्या बाकांवर न जाता एकाच बाजूला मिटला. राम झालेल्या अरुण गोविल यांना मात्र मेरठमधून निवडून यायला 2024 साल उजाडावं लागलं. वाल्मीकींच्या रामाचा वनवास 14 वर्षांचा. टीव्हीवरल्या रामाला सीतेच्या मागून संसदेत जायला 33 वर्षं लागली.

आता अक्काची गोष्ट.

1977 साल. अक्का नववीत, मी अकरा वर्षांचा. शाळेच्या गॅदरिंगला हरिश्चंद्र-तारामतीचा प्रवेश बसवला होता. तारामती अक्का. रोहिदासाला मांडीवर घेऊन ती रडली, तेव्हा समोर बसलेल्या बायांनी डोळ्याला पदर लावले. आजीही रडली. उमरग्याहून आलेल्या फोटोवाल्यानं तिचा एक फोटो काढला. दोन दिवस घरात कौतुक चाललं होतं.

तिसऱ्या दिवशी अक्का पाण्याला निघाली, तर पारावरची पोरं ओरडली, ‘‘ए तारामती!’’ मग हे रोजचंच झालं. कुणी शिट्टी मारायचा, कुणी हरिश्चंद्र व्हायचा. एका संध्याकाळी त्या घोळक्यात मीही होतो. सगळे हसले, तसा मीही हसलो. अक्कानं मला पाहिलं. ती काही बोलली नाही.

पोरांना कुणी जाब विचारला नाही. अक्काची शाळा मात्र बंद झाली. ‘‘नाटकीण व्हायचंय का?’’ असं आजीनं विचारलं. तीच आजी, जिनं तंबूच्या दारात चपला काढल्या होत्या. पुढच्या उन्हाळ्यात अक्काचं लग्न लागलं. तिला शिकून मास्तरीण व्हायचं होतं, नटी नव्हे. पण तिचं म्हणणं कुणी विचारलंच नाही.

दुर्गा खोटे तारामती झाल्या त्याला तेव्हा 45 वर्षं झाली होती. आमच्या गल्लीत ती बातमी पोचलीच नव्हती.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, चारला चार मिनिटं कमी असताना भूकंप झाला. किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूची गावं उद्ध्वस्त झाली, हजारो माणसं दगडमातीच्या भिंतींखाली आणि माळवदाखाली गेली. आमच्या घरात सगळे जीव वाचले, पण एक भिंत पडली. दोन दिवसांनी माती उपसताना तुकोबांची तसबीर सापडली. काच फुटली होती, मागचा पुठ्ठा सुटला होता. पुठ्ठ्याच्या आत एक फोटो होता. तारामतीच्या वेषातली अक्का.

आजी तेव्हा हयात नव्हती. आई म्हणाली, ‘‘त्यांनी जाळून टाक म्हणून सांगितलं होतं. मला जाळवंना. म्हटलं, तुकोबाच्या मागं कोण बघतंय?’’

सोळा वर्षं ती तसबीर आमच्या भिंतीवर होती. पुढं एक नट होता, मागं एक मुलगी होती. दोघांनीही दुसऱ्याचं काम मन लावून केलं होतं. पुढच्याला रोज बुक्का लागला आणि मागचीला लपून राहावं लागलं. सिनेमाचा इतिहास मी पुस्तकांतून पुष्कळ वाचला, पण तो मला कळला त्या ढिगाऱ्यावर.

त्यानंतर बरंच पाणी वाहून गेलं. 2016 साली ‘सैराट’ आला, तेव्हा मी अक्काला सोलापूरला घेऊन गेलो. अकलूजची शाळकरी रिंकू राजगुरू बुलेटवर बसून आली आणि थिएटर शिट्ट्यांनी दणाणलं. अक्का एकटक पाहत होती. बाहेर आल्यावर म्हणाली, ‘‘पोरीनं झकास केलंय. शाळा सुटली नाही ना तिची?’’ मी म्हटलं, नाही, सुटली नाही. ‘‘मग झालं,’’ म्हणाली. गावोगाव त्या मुलीला लोक ‘आर्ची’ म्हणूनच हाक मारत होते. ते ऐकलं, की मला आमचा पार आठवायचा.

अक्काची नात आता कॉलेजात नाटकात काम करते. तिच्या प्रयोगाला अक्का पहिल्या रांगेत बसली होती. संपल्यावर मागून काही पोरं पात्राच्या नावानं ओरडली. अक्का उठली, मागं वळली आणि म्हणाली, ‘‘तिला नाव आहे रे पोरांनो. नाव घेऊन वाहवा करा.’’ आणि पोरांनी खरंच नाव घेऊन टाळ्या वाजवल्या. सोपं होतं ते. 1977 साली हे एक वाक्य कुणीतरी म्हणायला हवं होतं. माझं वय लहान होतं, ही सबब मी आजवर स्वतःला देत आलोय. पण हसायला मी मोठा होतोच.

तो फोटो आता अक्काच्या घरी आहे. काच बसवून, समोरच्या भिंतीवर. शेजारी तुकोबाही आहेत, म्हणजे पागनीस. अक्का दोघांचीही धूळ एकाच फडक्यानं पुसते.

तेव्हा मंडळी, सिनेमावर प्रेम करा. वाटलं तर चपला बाहेर काढा, नाणी फेका, खलनायकाला शिव्याही द्या. पण दिवे लागल्यावर पात्र पडद्यावर सोडा आणि माणसाला त्याच्या नावानं हाक मारा.