खरखर कुठून येते?

आज गाण्यांबद्दल नाही, गाण्यांच्या आड येणाऱ्या खरखरीबद्दल बोलायचंय.

गंमत अशी, की सुरुवातीच्या काळात शेजाऱ्यांना छळणारं उपकरण म्हणजे खुद्द रेडिओच होता! 1914 मध्ये अमेरिकेत एडविन आर्मस्ट्राँगला रिजनरेटिव्ह सर्किटचं पेटंट मिळालं. यात वाढवलेला सिग्नल थोडा मागे फिरवून पुन्हा वाढवायचा. एका व्हॉल्व्हमध्ये भरपूर काम व्हायचं, पण बटण जरा जास्त पिळलं की सेट स्वतःच लहरी सोडायला लागायचा आणि आळीभर शिट्ट्या ऐकू यायच्या. बीबीसी 1922 मध्ये सुरू झाली. तिचे मुख्य अभियंता पीटर एकर्स्ली यांना 'कृपा करून असं करू नका' म्हणून श्रोत्यांना रेडिओवरूनच विनवावं लागलं.

मग घरोघरी विजेच्या मोटारी आल्या. मार्कोनीचे पहिले ट्रान्समीटर ठिणगीवर चालायचे, आणि ठिणगीचा गोंगाट एका जागी राहत नाही, सगळ्या बँडवर सांडतो. मिक्सरच्या कार्बन ब्रशपाशी नेमकं तेच होतं. मार्कोनीचा धाकटा भाऊच ओट्यावर बसलाय म्हणा ना! या त्रासावर मर्यादा ठरवण्यासाठी 1934 मध्येच 'सिस्पर' ही आंतरराष्ट्रीय समिती स्थापन झाली.

आपल्याकडे हे भांडण रंगलं ते रेडिओ सिलोनवरून. सकाळच्या जुन्या गाण्यांच्या कार्यक्रमात शेवटचं गाणं सैगलचं, आठच्या ठोक्याच्या जरा आधी. आणि चटणी वाटायची वेळही तीच! आमच्याकडे बाबा ओरडायचे, "अगं, दोन मिनिटं थांब!" आई आतून, "मग डबा तुम्ही भरता का?" पण तेव्हा खरखर कोण करतंय ते कळायचं, आणि चटणी झाली की ती थांबायचीही.

आता तसं नाही. एलईडी बल्ब, फोनचा चार्जर, वायफायचा राउटर, सेट-टॉप बॉक्स, सगळ्यांच्या पोटात स्विचिंग पॉवर सप्लाय असतो. तो वीज सेकंदाला हजारो-लाखो वेळा चालू-बंद करतो, त्यातून लहरी निघतात, आणि घरातल्या वायरी अँटेनाचं काम करतात. त्या आवरायला आत फिल्टर लागतो. स्वस्त मालात पैसे वाचवायला नेमका तोच गाळलेला असतो, ही माझी खरी तक्रार आहे. ही खरखर रात्रंदिवस चालते आणि विनवायला समोर कोणी नसतं.

म्हणून लोडशेडिंगबद्दल मी एक चांगला शब्द बोलणार आहे, शिव्या द्या हवं तर. आळीतली वीज गेली की सेलवरच्या ट्रान्झिस्टरवर शॉर्टवेव्ह कशी लख्ख लागायची! 2020 च्या जानेवारीअखेर बीबीसी हिंदीची शॉर्टवेव्ह सेवा बंद झाली. श्रोते कमी झाले म्हणतात. खरंय. पण जे ऐकू पाहत होते, त्यांच्याही घरात ऐकू येण्यासारखं किती उरलं होतं?

तर करून बघा. सेलवरच्या सेटवर मिडियमवेव्हवर मोकळी जागा लावा, घरचा मेन स्विच पाडा. खरखर गेली तर चोर घरातच आहे. मग स्विच परत चढवून एकेक वस्तू बंद करत जा. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर विसरू नका. तो विजेची लाट सेकंदाला 100 वेळा कापतो, आणि पंखा हळू असताना जास्तच गुणगुणतो. तरीही आवाज राहिला, तर सेट हातात धरून गोल फिरवा. ज्या दिशांना आवाज पडतो, त्या टिपून ठेवा, आणि शेजाऱ्यांकडे जाताना जरा गोड बोला.