सुइलस ल्युटिअस

पाइनच्या बनात पाऊस पडून गेला की सुयांच्या थराखालून वर येणारे, तपकिरी व चिकट टोपीचे खाद्य अळिंब. गण बोलेटेलीझ, कुल सुइलेसी. मूळ प्रदेश यूरोप व उत्तर आशिया. स्कॉच पाइनच्या जंगलांत ते शरद ऋतूत मुबलक सापडते. इंग्रज त्याला ‘स्लिपरी जॅक’ म्हणतात. जर्मन ‘बुटरपिल्त्स’, पोलिश ‘मश्लाक’ आणि रशियन ‘मस्ल्योनोक’ ही नावे मात्र थेट लोण्यावरून पडली आहेत. लिनीअसने १७५३ मध्ये त्याची नोंद ‘बोलेटस ल्युटिअस’ अशी केली; फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ रूसेल याने १७९६ मध्ये ते सुइलस वंशात नेले.

टोपी साधारण पाच ते दहा सेंटिमीटर रुंद, कधी त्याहून मोठी. पावसाळी हवेत तिच्यावर चकाकणारा बुळबुळीत थर येतो. हवा कोरडी असली तर तोच थर वाळतो आणि टोपी रेशमी दिसते. खालच्या बाजूला नेहमीच्या अळंबीसारखी पातळ पटले नसतात. त्याऐवजी बारीक पिवळ्या छिद्रांचा मऊ थर असतो, आणि त्या छिद्रांतूनच बीजुके गळतात. अळिंब कोवळे असताना ही छिद्रे पांढऱ्या पडद्याने झाकलेली असतात. टोपी उघडली की पडदा फाटून देठाभोवती कडे उरते व त्याची खालची बाजू पुढे जांभळट होते. कड्याच्या वर देठावर बारीक गडद ठिपके असतात. गर पांढरट पिवळा. कापल्यावर तो निळा पडत नाही. कडे ही ओळखीची महत्त्वाची खूण आहे, कारण याचाच भाऊबंद सुइलस ग्रॅन्युलॅटस पाइनखालीच उगवतो, पण त्याला कडे नसते. पिवळसर नारिंगी सुइलस ग्रेविलीला कडे असते. मात्र ते पाइनऐवजी लार्च वृक्षाखाली सापडते.

कोकणात किंवा गोव्यात श्रावणाच्या सुमारास बाजारात येणारी अळंबी वारुळातली, वाळवीच्या आधाराने वाढणारी. सुइलसचा संसार वेगळा आहे. पाइनच्या बारीक मुळांभोवती त्याचे तंतू म्यानासारखे आवरण करतात आणि तिथून मातीत दूरवर पसरतात. मातीतले फॉस्फरस, नायट्रोजन व पाणी झाडाला पुरवायचे आणि त्याच्याकडून साखर घ्यायची, असा हा व्यवहार. या सहजीवनाला संकवक म्हणतात. म्हणूनच धिंगरीसारखे भाताच्या पेंढ्यावर त्याचे पीक काढता येत नाही. बाजारात येणारे सुइलस ल्युटिअस कोणीतरी झाडाखाली वाकून वेचलेले असते.

या व्यवहाराची झाडालाही तेवढीच गरज असते, हे वनखात्यांना ठेच लागून कळले. पाइन ही मुख्यतः उत्तर गोलार्धातली झाडे. इतरत्र, जिथे त्यांचे कवक मातीत नव्हते, तिथे रोपे पिवळी पडून खुरटत. प्वेर्तो रिकोत १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या पाइनखालची माती आणून मुळांशी घातली, तेव्हा कुठे रोपांनी जीव धरला. दक्षिण गोलार्धातल्या लागवडींतही माती आणि रोपांबरोबर कवक पोहोचले. त्यांत सुइलस ल्युटिअस सर्वांत यशस्वी प्रवाशांपैकी एक ठरले. चिली, अर्जेंटिना, एक्वादोर, दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड: जिथे कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचा मॉन्टेरे पाइन लाकडासाठी लावला गेला, तिथे बहुधा हेही आले. झाड अमेरिकेचे, अळिंब यूरोपचे, आणि दोघांची गाठ पडली तिसऱ्याच खंडात.

या गाठीने काही गावांना रोजगार दिला. चिलीत पाइनखालचे हे अळिंब वाळवून किंवा खारवून परदेशी पाठवले जाते. एक्वादोरमध्ये सालिनास दे ग्वारांदा या डोंगरी गावातल्या सहकारी संस्थांनी चीज व चॉकलेटच्या जोडीने वाळवलेल्या अळिंबांचाही धंदा उभारला. पेरूतल्या काहामार्का भागात ग्रांहा पोर्कोनच्या पाइनबनांतही हेच उत्पन्न घेतले जाते. यूरोपात शरदापुरते उगवणारे अळिंब एक्वादोरमधल्या कोतोपाक्सी ज्वालामुखीच्या उतारांवरच्या लागवडींत वर्षभर निघत राहते.

पण त्याच एक्वादोरमध्ये दुसरी बाजूही दिसली. अँडीज पर्वतावरच्या ‘पारामो’ नावाच्या गवताळ माळांची माती सेंद्रिय कार्बनाने समृद्ध असते. तिथे पाइन लावल्यानंतर वीस वर्षांच्या आत मातीतला सुमारे ३० टक्क्यांपर्यंत कार्बन घटल्याचे संशोधकांनी २००१ मध्ये नोंदवले आणि त्याचा संबंध पाइनबरोबर आलेल्या कवकांशी, मुख्यतः सुइलस ल्युटिअसशी जोडला. हवेतला कार्बन साठवावा म्हणून लावलेल्या झाडांनी जमिनीतला साठा मोकळा करावा, हा उलटा हिशेब वनीकरणाच्या आकडेवारीत सहसा मांडला जात नाही.

चिलीच्या दक्षिणेला कोइआइके परिसरात लागवडीबाहेर पसरणाऱ्या लॉजपोल पाइनचा अभ्यास झाला. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार हे एकटे कवक साथीला असले तरी पाइन नवी जमीन बळकावू शकतो. अर्जेंटिनात व्हिक्टोरिया बेटावर माणसांनी सोडलेली परदेशी हरणे व रानडुकरे अळिंबे खातात आणि त्यांच्या विष्ठेतून जिवंत बीजुके दूर पडतात. झाड परके, कवक परके, वाहक जनावरही परके. स्थानिक रान मात्र मागे हटते.

याच कवकाचा एक गुण कामाचाही आहे. बेल्जियममध्ये लोमेल येथे जस्ताच्या कारखान्याने परिसरातली माती विषारी केली, तरी तिथे पाइन तगून राहिले. त्यांच्या मुळांवरच्या सुइलस ल्युटिअसमध्ये, स्वच्छ जागच्या भाईबंदांपेक्षा कितीतरी जास्त जस्त सहन करण्याची ताकद आढळली. असे कवक मुळांशी असलेली रोपेही जस्ताला तुलनेने दाद देत नाहीत.

खाण्याच्या बाबतीत मत विभागलेले आहे. रशिया व पूर्व यूरोपात ते आवडीचे: कांद्यावर परतलेले, सूपमध्ये घातलेले, किंवा व्हिनेगरमध्ये मुरवलेले. पश्चिम यूरोपात ते बोलेटस एड्युलिसच्या, म्हणजे प्रसिद्ध पोर्चिनीच्या, बरेच खाली धरतात, आणि चवीपुरते बोलायचे तर ते अन्याय करत नाहीत. ताज्या अळिंबात पाणी फार. शिजवले की भेंडीसारखे तार सुटते. वाळवून पूड केली तर सूपला मात्र चांगला दाटपणा येतो. टोपीवरची चिकट साल सोलून टाकण्याची रीत सर्वत्र आहे, कारण तिने काहींना जुलाब होतात. काहींना सोललेलेही सोसत नाही. अळ्या लवकर लागतात, म्हणून कोवळीच खुडतात व त्याच दिवशी साफ करतात.

महाराष्ट्रात नैसर्गिक पाइनवन नाही, त्यामुळे सह्याद्रीत हे अळिंब शोधण्यात अर्थ नाही. हिमालयातल्या पाइनखाली सुइलसच्या इतर जाती उगवतात, आणि निलगिरीत लावलेल्या मेक्सिकन पाइनखाली सुइलस ब्रेव्हिपेस नोंदले गेले आहे. तिकडे फिरायला जाणाऱ्यांनी केवळ चित्र किंवा हे वर्णन जुळते म्हणून कोणतेही अळिंब तोंडात घालू नये. जाणत्या स्थानिकाने हातात घेऊन ओळखलेले तेवढेच, तेही नीट शिजवून आणि पहिल्यांदा थोडेसेच खावे.