हवाना सिगार : चव आणि जोड

क्यूबातील पिनार देल रियो प्रांतातल्या वुएल्ता आबाहो परिसरातील तंबाखू हवाना सिगारसाठी सर्वोत्तम मानली जाते. कुशल कारागीर आतील भरण बांधणीच्या पानात हाताने वळतात आणि त्यावर तलम पानाचे वेष्टन चढवतात. भरणातील ‘लिहेरो’ पाने रोपाच्या वरच्या भागातली. त्यांनी कडकपणा येतो, मधल्या ‘सेको’ने सुगंध, तर खालच्या ‘वोलादो’ने ज्वलन एकसारखे राहते. धूर छातीत न ओढता तोंडात घोळवून चव पारखतात. सौम्य सिगारसोबत कॉफी, कडक सिगारसोबत मुरलेली रम, असा प्रघात आहे. एकाने दुसऱ्याची चव झाकू नये, हा त्यामागील विचार. मात्र धूर आत ओढला नाही, तरी मुखाच्या व घशाच्या कर्करोगाचा धोका टळत नाही.