तीस वर्षांच्या पलीकडचे कागद

बीडमध्ये घराचा किंवा प्लॉटचा सौदा ठरला की इसारपावती होते, दस्तलेखक खरेदीखत तयार करतो आणि फारच जपून वागणारा माणूस वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट काढतो. मुंबईत हे काम सॉलिसिटर करत आले. तिथल्या उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेमुळे तो वेगळा वर्ग उभा राहिला. १९७६च्या दुरुस्तीने कायद्यातला भेद मिटला, तरी पेढ्या टिकल्या. बीड सप्टेंबर १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात होते. तिथे सॉलिसिटर रुजलाच नाही, तीस वर्षांची रीत मात्र आली. आणि ती बीडच्या जमिनीला पुरत नाही, असे माझे म्हणणे आहे.

या रीतीला आधार आहे. मुदत कायद्यात खासगी मालकाला ताब्याच्या दाव्यासाठी १२ वर्षे आणि सरकारला ३० वर्षे मिळतात, म्हणून तेवढे मागे पाहिले की बहुतेक धोके संपतात. पण निजामी राज्यात मंदिर, दर्गा, काझी, पुजारी यांना इनामे होती. निर्वाहासाठी दिलेली ती मदतमाश, सेवेच्या मोबदल्यातली ती खिदमतमाश. १९५४च्या कायद्याने इनामे रद्द झाली, परंतु देवस्थान-दर्ग्यांची सेवा-इनामे वगळली गेली, आणि जिथे इनाम गेले तिथेही बरीच जमीन विक्रीच्या बंधनासह वर्ग दोनमध्ये राहिली. ही शर्त मोडली तर कारवाई दिवाणी दाव्याने नव्हे, महसुली आदेशाने होते. वक्फ मिळकतीला तर १९९५च्या कायद्याने मुदतीचे बंधनच ठेवले नव्हते. ती तरतूद २०२५मध्ये गेली. थोडक्यात, दोष १९५०च्या दशकातला आणि शोध १९९०च्या दशकात थांबलेला. मूळ पाहायचे तर जुन्या जमीन-नोंदींच्या खासरा पत्रकापर्यंत, प्रसंगी इनामांचे काम पाहणाऱ्या अतियात खात्याच्या मुंतखबापर्यंत, म्हणजे इनामाच्या मंजुरीपत्रापर्यंत, जावे लागते. तिथे भाषा उर्दू, साल फसली. १३५० फसली म्हणजे १९४०-४१, आणि अंबाजोगाईचे नाव मोमिनाबाद! कायदा पाठ असलेला वकीलही इथे अडतो. लागतो तो वाचणारा.

दुय्यम निबंधकाने दस्त नोंदवला, मुद्रांक शुल्क भरले, मग भीती कसली, असे विचारले जाते. निबंधक दस्त नोंदवतो, विकणाऱ्याच्या मालकीची हमी देत नाही. नगरपालिकेचा पीटीआर उतारा नावावर असला तरी तो कराचा हिशेब आहे. बँकेने कर्ज दिले हाही पुरावा नव्हे. बँकेचा वकील बँकेच्या तारणापुरते पाहतो. अधिक वजनदार आक्षेप असा की शहरातला प्रत्येक प्लॉट इनामी नसतो, मग सर्वांनी हा खर्च का करावा? खरे आहे. पण इनामी आहे की नाही, हे ठरवायला बहुधा खासरा पत्रकाची एक नक्कल पुरते. पुढचा खर्च त्यात इनामाची खूण दिसली तरच. जुने कागद मिळत नाहीत, ही सबब २०२३नंतर टिकत नाही. कुणबी नोंदींसाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीचे काम सुरू झाले, तेव्हा मराठवाड्यात निजामकालीन दप्तरे उघडली गेली आणि मोडी-उर्दू वाचणारेही बसवले गेले. दाखल्यासाठी जे जमले ते घरासाठी जमू नये, याला कारण नाही.

आणि वाचण्याची किंमत मोजता येण्याजोगी आहे. २०२४च्या दुरुस्तीने मदतमाश जमिनीवरचे बंधन सुटण्यासाठी सरकारला भरायचा नजराणा बाजारभावाच्या ५० टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला; ही ५ टक्क्यांची सवलत मदतमाशसाठीच होती. वीस वर्षे घरात राहणाऱ्या कुटुंबाला नजराणा किती पडणार, हे मुंतखबात मदतमाश लिहिले आहे की खिदमतमाश, यावर ठरते.